सात दिवसांत तीन मजले

जाहिरातीत एकही चूक नव्हती, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

चूक म्हणजे शुद्धलेखनाची. बाकीच्या चुका पुढे उघड व्हायच्या होत्या. पण छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासून निवृत्त झालेल्या माणसाला जगात आधी दिसते ती वेलांटी. इमारतीतली मुलं त्यांना वेलांटीकाका म्हणत. मोठी माणसंही तेच म्हणत, फक्त त्यांची पाठ वळल्यावर. दुकानाच्या पाटीवर ‘नविन माल’ दिसला तर काका त्या दुकानाची पायरी चढत नसत. एका डॉक्टरच्या चिठ्ठीवर ‘तपासणि’ छापलेलं बघून त्यांनी डॉक्टर बदलला होता, आणि तोही ताप अंगात असताना.

अशा माणसासमोर रविवारच्या पुरवणीत अर्ध्या पानाची जाहिरात आली. काकांनी सवयीने पेन्सिल घेतली. ‘गुडघेदुखी’तला दु ऱ्हस्व होता, खी दीर्घ होती. ‘स्फूर्ती’ जशी हवी तशी होती. ‘पूर्ववत’चा पू बघून तर त्यांना छापखान्यातल्या जुन्या दिवसांची आठवण झाली. जाहिरात त्यांनी दोनदा वाचली, पण पेन्सिल टेकवायला कुठे जागा सापडेना.

“इतकं शुद्ध लिहिणारी माणसं,” ते बायकोला म्हणाले, “खोटं कशाला लिहितील?”

काकू शिवणयंत्रावर कुणाच्या तरी पडद्याला टीप मारत बसल्या होत्या. तीस वर्षं पायाने यंत्र चालवल्यावर त्यांचे गुडघे संपावर गेले होते. यंत्राला आता मोटर बसवली होती, पण गुडघ्यांना मोटर बसवता येत नाही.

“काय लिहिलंय?”

“चुंबकीय गुडघापट्टा. सात दिवसांत तीन मजले चढा! आपण तिसऱ्याच मजल्यावर राहतो की!”

“मग ते त्यांना कसं कळलं?” काकूंनी विचारलं आणि दोरा दाताने तोडला.

जाहिरातीत पांढऱ्या केसांची एक बाई दोन-दोन पायऱ्या ओलांडत हसत हसत जिना चढत होती. तिच्यामागे एक डॉक्टर थक्क होऊन उभा होता. काकूंनी चष्मा वर करून पाहिलं. “या डॉक्टरचा कोट त्याच्या मापाचा नाही. बाह्या बघा, पार बोटांपर्यंत आल्यात. मागून आणलेला आहे.”

काकांनी हा मुद्दा विचारात घेतला नाही. ते शिवणकाम होतं, हे लिखाण होतं.

शिवाय त्यांना घाई होती, आणि तिचं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. गेले चार महिने काकू जिना उतरल्या नव्हत्या. रोज संध्याकाळी दोघं बागेला एक चक्कर मारून यायची. आता काका एकटेच जात, बाकावर आपल्या शेजारी पिशवी ठेवत, आणि कुणी बसू का विचारलं तर “येणारेत” असं सांगत. चार महिन्यांत कुणीही आलं नव्हतं, आणि ज्यांना बसायला मिळालं नाही ती माणसं आता काकांकडे जरा चमत्कारिक नजरेने बघायला लागली होती.

त्यांनी फोन लावला. पलीकडे एक बाई इतक्या गोड आवाजात बोलत होती की काकांनी आधी स्वतःचाच आवाज खाकरून नीट केला.

“सर, किती पट्टे देऊ?”

“एक.”

“सर, मॅडमना गुडघे किती?”

प्रश्न बिनतोड होता.

“आणि सर, एकाच गुडघ्याला बरं वाटलं तर दुसऱ्याला काय वाटेल?” बाईने मऊपणे विचारलं. “आज तीनच जोड्या शिल्लक आहेत. सर, आपल्या बोलण्यावरून आपण फार शिकलेले वाटता.”

शेवटच्या वाक्याने काम फत्ते झालं. काकांनी जोडी मागवली, जोडीबरोबर मालिशचं तेल मागवलं, आणि तेलाबरोबर ते तेल पुसायचा एक खास रुमाल. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की त्या बाईंनी एकदाही “हॅलो हॅलो” केलं नव्हतं. संस्कार असतात एकेकावर.

खोकं चौथ्या दिवशी आलं. काकांनी ते स्वतः उघडलं, पट्टे स्वतः बांधले, आणि दोन पावलं मागे सरून उभे राहिले, म्हणजे बायकोला धावत सुटायला जागा मिळावी. काकू उठल्या. एक पाऊल टाकलं, आणि फट्‌ आवाज होऊन त्यांचे दोन्ही गुडघे एकमेकांना चिकटले.

“अहो!”

“थांब, थांब, काहीतरी उलटं बांधलं गेलंय.”

डावा पट्टा उलटा करून बांधला. आता गुडघे एकमेकांपासून इतके लांब पळायला लागले की काकू घोड्यावरून नुकत्याच उतरल्यासारख्या चालू लागल्या. हा गलका ऐकून समोरच्या वहिनी आल्या, आणि त्यांच्यामागे खालच्या मजल्यावरचे ओव्हरसियर आले. ओव्हरसियर तीस वर्षं रस्ते खात्यात होते, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट आपल्या खात्यात येते असं त्यांना वाटे.

“उत्तर ध्रुव आणि दक्षिण ध्रुव,” ते खाली वाकून म्हणाले. “वहिनी, तुम्ही जरा पूर्वेकडे तोंड करा बघू.”

काकूंनी पूर्वेकडे तोंड केलं. काही झालं नाही. पश्चिमेकडे केलं, तेव्हा धक्का लागून टाचण्यांचा डबा यंत्रावरून खाली पडला आणि शे-सव्वाशे टाचण्या टुणकन उडून त्यांच्या गुडघ्यांवर जाऊन बसल्या.

“चुंबक अस्सल आहे,” ओव्हरसियर आदराने म्हणाले.

तेव्हापासून काका रोज सकाळी चहाचा कप घेऊन बायकोसमोर बसायचे आणि तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. पहिल्या दिवशी विचारलं, “कसं वाटतंय?” काकू म्हणाल्या, “एका दिवसात काय कळतंय?” दुसऱ्या दिवशी विचारलं. तिसऱ्या दिवशी काकूंनी त्या तोंडाकडे पाहिलं. परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या मुलाचं असावं तसं ते तोंड होतं. त्या म्हणाल्या, “जरा हलकं वाटतंय.”

बस्स. काका तिथून उठले ते थेट जिन्यात. दुपारपर्यंत ही बातमी चारही मजल्यांवर पोचली होती, आणि वाटेत तिचं वजन वाढत गेलं होतं. पहिल्या मजल्यावर “हलकं वाटतंय” होतं, तळमजल्यावर “जवळजवळ धावतेच”. समोरच्या वहिनींनी सासूबाईंसाठी जोडी मागवली. ओव्हरसियरांनी स्वतःसाठी मागवली, कारण त्यांचे गुडघे दुखत नसले तरी पुढे दुखू शकले असते. तळमजल्यावरच्या औषधवाल्याने तर जाहिरात कापून आपल्या काचेवर चिकटवली आणि खाली पेनाने लिहिलं, “आमच्या इमारतीत अनुभव उपलब्ध”. तो अनुभव वरच्या मजल्यावर बसून, यंत्राच्या लोखंडी पायाला चिकटलेला आपला उजवा गुडघा दोन्ही हातांनी ओढून काढत होता.

सातव्या दिवशी संध्याकाळी काकांनी काकूंच्या चपला पुसून दारात ठेवल्या.

“चल.”

काकूंनी चपला घातल्या. कठडा धरून निघाल्या. पाच पायऱ्या उतरल्या, सहावीला थांबल्या, आणि पहिल्या वळणावर हळूच खाली बसल्या. काका तोवर दुसऱ्या मजल्यावर पोचले होते. “येतेस ना?” त्यांनी खालून हाक मारली. उत्तर आलं नाही म्हणून ते वर आले.

“हलकं वगैरे काही वाटत नव्हतं हो,” काकू म्हणाल्या. “पहिल्या दिवशीच कळलं होतं मला. टीप बघितली का त्या पट्ट्याची? वाकडी आहे. जो माणूस टीप सरळ घालत नाही, तो आत काय भरणार?”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“रोज सकाळी तोंडाकडे बघत बसायचात. कसं सांगणार?”

काका पायरीवर बसून राहिले. फसवणूक कंपनीने केली होती, बायको खोटं बोलली होती त्यांच्यासाठी, आणि ते स्वतः चार मजल्यांना खोटं सांगून मोकळे झाले होते. यातलं नेमकं कशाचं वाईट वाटून घ्यावं हे त्यांना ठरवता येईना. वर आल्यावर काकूंनी कात्रीच्या टोकाने पट्टा उसवला. आत साधा स्पंज होता आणि सहा काळ्या चकत्या. “गुंड्या आहेत म्हणा की,” काकू म्हणाल्या, आणि बाहेरची कड पुन्हा शिवून ठेवली. फाटकी वस्तू त्यांना घरात बघवत नसे.

दुसऱ्या दिवशी काकांनी कंपनीला फोन लावला. पूर्वीच्या गोड बाई आता तिथे नव्हत्या. एक पुरुष होता, आणि त्याच्या आवाजाला साखर कमी पडली होती.

“परतावा अटीप्रमाणे मिळेल.”

“कुठली अट?”

“जाहिरातीत छापली आहे.”

काकांना हसू आलं. छापलेलं काय असतं आणि काय नसतं हे कुणाला सांगावं, याचंही भान या माणसाला नव्हतं. त्यांनी पुरवणी काढली आणि ओव्हरसियरांच्या समोर पुन्हा पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवली. ओव्हरसियरांना तिकिटं जमवायचा नाद होता. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि जाहिरातीच्या खालच्या कडेवर धरलं.

“काका, ही चौकट नाही.”

“म्हणजे?”

“ही रेघ नाही हो. ही अक्षरं आहेत.”

काकांनी भिंगाला डोळा लावला. ज्या बारीक काळ्या रेघेला ते चौकट समजले होते, तिच्यात मुंग्यांच्या रांगेसारखी अक्षरं चालली होती. परतावा हवा असल्यास वापरकर्त्याने पट्टा बांधून सलग सात दिवस रोज तीन मजले चढल्याचा पुरावा सादर करावा. म्हणजे चढता येत नाही हे सिद्ध करायला आधी चढून दाखवायचं होतं. चौतीस वर्षं त्यांच्या नजरेतून साधा अनुस्वार सुटला नव्हता, आणि आता अख्खं वाक्य सुटलं होतं. त्यांनी ते तीनदा वाचलं. मग भिंग परत केलं.

“यातही एक चूक नाही,” ते म्हणाले.

त्या दिवशी ते दोन्ही वेळा जेवले नाहीत. समोरच्या वहिनींनी भरपाई कधी मिळेल असं दारातून विचारलं. सासूबाईंचे गुडघे दुखायचे थांबले नव्हते, उलट आता त्या गुडघ्यांबरोबर पट्ट्याबद्दलही कुरकुरत होत्या. काकांना वाटलं, इमारत सोडून जावं. पण इमारत सोडायलाही जिना उतरावा लागणार होता, आणि जिन्यात सगळी भेटणार होती. शेवटी त्यांनी ठरवलं, ग्राहक तक्रार कार्यालयात जायचं.

खिडकीमागच्या कारकुनाने अर्ज उलटा-सुलटा करून बघितला.

“गुडघे कुणाचे?”

“पत्नीचे.”

“मग तक्रार तुमची कशी?”

“पैसे माझे आहेत.”

“पैसे दुखतात का?”

“दुखतात,” काका म्हणाले.

कारकून क्षणभर विरघळला, पण नियम विरघळत नाहीत. “वापरकर्ता स्वतः हजर पाहिजे. सुनावणी मंगळवारी अकराला, साहेबांच्या दालनात. तिसरा मजला.”

“लिफ्ट आहे ना?”

कारकुनाने बोट दाखवलं. लिफ्टच्या दारावर ‘बंद आहे’ अशी पाटी होती, आणि तिच्यावरची धूळ सांगत होती की पाटी लिफ्टइतकीच जुनी आहे.

काकांनी हे घरी सांगितलं तेव्हा ‘जाऊ दे, सोडून देऊ’ असंच ते म्हणणार होते. पण काकूंनी टेबलावरची पिन उचलून टाचण्यांच्या उशीत खोचली आणि विचारलं, “वहिनींच्या सासूबाईंचं काय? ओव्हरसियरांचं काय? त्यांनी आपल्या शब्दावर घेतलं ना? मी येते.”

मंगळवारी रिक्षा करून दोघं तिथे पोचली. एकूण सहासष्ट पायऱ्या. काकांच्या एका हातात फाइल, दुसऱ्यात पाण्याची बाटली. सवयीने ते भराभर अर्धा जिना चढून गेले, मागे वळले, तर काकू चौथ्या पायरीवर कठडा धरून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पाहून काका एकेक पायरी खाली उतरले. फाइल काखेत मारली. बायकोचा हात आपल्या हातात घेतला. हे त्यांनी सार्वजनिक ठिकाणी बरीच वर्षं केलं नव्हतं, त्यामुळे शेजारून जाणाऱ्या शिपायाकडे त्यांनी जरा रागाने बघितलं.

एक पायरी. थांबायचं. पुन्हा एक पायरी.

पहिल्या वळणावर काकू बसल्या. समोर परवान्यांचं कार्यालय होतं, आणि त्याचे पडदे अर्धे लटकत होते. “एकाने शिवलेत, दुसऱ्याने टांगलेत,” काकू म्हणाल्या. “दोघांचं एकमेकांशी भांडण असणार.” काकांना हसू आलं. दुसऱ्या वळणावर खिडकी होती. तिच्यातून पलीकडच्या गच्चीवर एक म्हातारा कबुतरांना रागवताना दिसला आणि दोघं चांगली दहा मिनिटं ते बघत बसली. कबुतरांनी त्याचं काही ऐकलं नाही. काकू आपल्या मावशीबद्दल बोलल्या, शिवणाच्या वर्गातल्या पहिल्या दिवसाबद्दल बोलल्या. काकांच्या लक्षात आलं की गेल्या चार महिन्यांत आपण फक्त “गुडघे कसे आहेत” एवढंच विचारत होतो, आणि उत्तरही ऐकत नव्हतो. अकरा वाजून गेले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि हात खाली घेतला.

दालनात पोचल्या तेव्हा काकू घामाने भिजल्या होत्या. खुर्चीत एक अधिकारी बाई बसल्या होत्या, आणि टेबलाच्या पलीकडे कंपनीचा प्रतिनिधी. चाळिशीचा, जाडसर माणूस, शर्टाचं एक बटण तुटलेलं, मांडीवर नमुन्यांची मोठी बॅग. काकू आत आल्या तसा तो उठून उभा राहिला.

“मॅडम, माझं म्हणणं फक्त एवढंच आहे,” तो अधिकारी बाईंना म्हणाला. “हे कार्यालय कितव्या मजल्यावर आहे?”

“तिसऱ्या.”

“आणि लिफ्ट?”

“बंद आहे. का?”

“मग या काकू वर कशा आल्या?” प्रतिनिधीने हळूच विचारलं. “आमची जाहिरात दुसरं काय म्हणते?”

काकांच्या हातातली फाइल खाली पडली. गेले काही दिवस ते सुनावणीची तयारी करत होते, सतरा मुद्दे काढले होते, त्यातला एकही या जागी बसत नव्हता.

“पट्टा बांधलेलाच नाहीये तिने!” ते ओरडले.

“काका, चुंबकाचा गुण अंगात मुरलेला असतो.” हे वाक्य बोलताना प्रतिनिधी टेबलाकडे बघत होता.

अधिकारी बाईंनी चष्मा काढला. “तुम्ही सांगा,” त्या काकूंना म्हणाल्या. “कशा चढलात?”

काकू पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, “हे थांबले म्हणून.”

“कोण?”

“हे.” काकूंनी नवऱ्याकडे न बघता हात केला. “घरी आम्ही निघालो की हे पुढे जातात. खाली पोचतात आणि वर बघत उभे राहतात. मग घड्याळ बघतात. कुणी असं खाली वाट बघत असलं की माझे गुडघे जास्त दुखतात. म्हणून मी जायचंच बंद केलं. आज यांनी प्रत्येक पायरीवर हात धरला. माझ्याबरोबर खाली बसले. गुडघे तेवढेच दुखताहेत, पण आले.”

अधिकारी बाई लिहीत होत्या. शेवटी त्यांनी कागद काकांसमोर सरकवला. “वाचा आणि साक्षीदार म्हणून सही करा.”

सरकारी कागदावर, शिक्क्यासाठी जागा सोडून, लिहिलेलं होतं: पती पुढे चालतात व घड्याळ पाहतात. काकांचे कान लाल झाले. आयुष्यात दुसऱ्यांची हजारो पानं त्यांनी वाचली होती, स्वतःबद्दल लिहिलेलं हे पहिलंच वाक्य असावं. त्यांनी ते वाचलं आणि सही केली.

निकाल तिथल्या तिथे झाला. पट्ट्याने परिणाम झाल्याचा पुरावा नाही. इमारतीतल्या तिन्ही जोड्यांचे पैसे परत करावेत, आणि मजल्यांचा उल्लेख जाहिरातीतून काढावा. प्रतिनिधीने वाद घातला नाही. त्याने मुकाट्याने सही केली आणि बॅगेची चेन लावली.

उतरताना दुसऱ्या वळणावर दोघं खिडकीजवळ बसली होती तेव्हा तो वरून आला. बॅगेने त्याचा खांदा वाकला होता. तो पुढे जायला निघाला, मग दोन पायऱ्यांवर अडखळला.

“काकू, एक विचारू? काकांच्या अर्जात सगळं वाचलं मी. तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं ना?”

“हो.”

“मग यांना हलकं वाटतंय असं का सांगितलंत?”

“बस बघू आधी,” काकू म्हणाल्या. तो बसला. “हे एवढं धडपडून घेऊन आले होते. नाही कसं म्हणायचं?”

प्रतिनिधी बराच वेळ बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. “माझ्या आईलाही दिलाय मी,” तो म्हणाला. “आठ महिने झाले. रोज बांधते. खूप बरं वाटतं म्हणते.”

मग त्याने फोन काढला आणि लावला. “आई, तो पट्टा… हो. नाही, बांधतेस ते माहितीये. खरंच बरं वाटतं का? … अगं, कामावर काही झालं नाही. मला कुणी काढलं नाही. तू फक्त खरं सांग … आई, रडू नको ना.” त्याचं तोंड एवढंसं झालं.

काकूंनी हात पुढे केला. “दे इकडे.”

त्याने फोन दिला. “नमस्कार हो,” काकू म्हणाल्या, “तुमचा मुलगा चांगला आहे, इथे माझ्याजवळच बसलाय. मला आधी सांगा, डावा जास्त दुखतो की उजवा? … माझाही डावाच! चढताना की उतरताना?”

दोघींचं सुरू झालं. पलीकडची आई आधी मुसमुसत होती, मग हसायला लागली. तिचं हसणं फोनमधून जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. काका तीन पायऱ्या खाली उतरून उभे राहिले होते. ते परत वर आले, प्रतिनिधीची बॅग भिंतीकडे सरकवली आणि त्याच्या शेजारी बसले.

“किती वेळ बोलतील या?” त्याने हळूच विचारलं.

“तू पाय पसरून बस,” काका म्हणाले.